आप्पांनी मांडलेला रवी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला बसवून खिचडी शिजली का ते बघायला बाहेर आले होते. आमची शाळा मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत आहे. तिथे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते, म्हणून माझा फोन दिवसभर टाकीच्या कठड्यावर पडलेला असतो आणि वाजला की जे पोर जवळ असेल ते ओरडत येतं. फोन धाकट्या भावाचा होता. "ताई, आप्पा गेलं," तो म्हणाला. कधी गेले म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आता मघाशीच, ऊन अंगणात आल्यावर." त्याच्या मनगटावर घड्याळ असतं, हातात मोबाइल असतो, तरी आमच्या घरात वेळ अशीच सांगतात. ती सवय आप्पांचीच. खिचडी शिजली होती. मुलांना वाढून, दुसऱ्या बाईंना सांगून मी शहापूरची एसटी धरली आणि सापगावजवळच्या आमच्या घरी पोहोचले. तोवर अंगणात माणसं जमली होती. आता महिना होऊन गेला. लिहायला बसले आहे, कारण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी बरीच वर्षं पोटात ठेवली होती आणि आता ती ठेवायचं कारण उरलं नाही.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे चुलते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, एकाच अंगणात शेजारी-शेजारी दोन घरं, त्यामुळे त्यांचं ताट आमच्याकडेच असायचं. भातशेती करणारा माणूस. उंच, काटक, बोलायला तिखट, आणि तंबाखूचा बार भरला की तासभर मौनात. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती, पत्रिका मांडणारे म्हणून होती. तरुणपणी ते शहापुरातल्या एका म्हाताऱ्या भटजींकडे तांदूळ पोचवायला जायचे, तिथे बसून बसून पंचांग शिकले. भटजींना मुलगा नव्हता आणि आप्पांना घाई नव्हती, असं ते सांगायचे. आमच्यासारख्या कुणब्याच्या घरात पंचांगांची चळत बघून नव्या पाहुण्यांना नवल वाटायचं. जुन्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्याच पोरांच्या पत्रिका आप्पांच्या हातच्या.

त्यांच्या कामाची रीत त्यांची स्वतःची होती. पत्रिका मांडायची तर जन्माची वेळ लागते, आणि त्या काळी गावात बाळंतपणं घरीच व्हायची, घड्याळ कोणाकडे असायचं नाही. मग आप्पा विचारायचे, "ऊन कुठं व्हतं?" उंबऱ्यावर होतं का, तुळशीपाशी होतं का, गोठ्याच्या मेढीला टेकलं होतं का. बायका बरोबर सांगायच्या, कारण बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्यांना बघायला दुसरं असतं काय? आमच्या भागातली घरं बहुतेक पूर्वेला तोंड करून, पुढे ओटी, तिच्यावर उतरतं कौलारू छप्पर. महिना आणि उन्हाची जागा कळली की आप्पा मान वाकडी करून हिशेब करायचे आणि वेळ सांगायचे. पावसाळ्यातल्या जन्मांवर त्यांचा राग असे. "आषाढात पोरं काढतात नि मला वेळ इचारतात," असं म्हणून ते समोरच्या बापाकडे असं काही बघायचे, की तो बिचारा ओशाळायचा. त्यांची स्वतःची पत्रिका मात्र नव्हती. ते जन्मले तेव्हा ऊन कुठे होतं हे सांगणारं कोणी त्यांच्या आठवणीत उरलं नव्हतं.

पत्रिकेत सूर्याला रवी म्हणतात. आप्पांचा सगळा जीव या रवीवर. चंद्र, मंगळ, गुरू ते बघायचे, शनीचं नाव काढून कोणी घाबरलं तर त्याला धीर द्यायचे, पण बोट आधी रवीवर जायचं. मी शाळेत असताना त्यांच्या ओटीवर अभ्यासाला बसायचे, त्यामुळे हे सगळं कानावर पडून पाठ झालेलं. रवी म्हणजे माणसाचा आत्मा. रवी म्हणजे हाडं आणि डोळे. रवी म्हणजे राजा, म्हणजे आताच्या काळात सरकार. आणि रवी म्हणजे बाप. यातलं सरकार लोकांना नेमकं ठाऊक होतं. त्या वर्षांत पोलीसभरतीला जाणारी, एसटीत चिकटू बघणारी सगळी पोरं आप्पांकडे एकच प्रश्न घेऊन यायची. आप्पा पत्रिका बघायचे नि म्हणायचे, "रवी बरा हाय. पण तो सकाळी रस्त्यावर असतो, तू अंथरुणात. उठून धाव, भेट व्हईल." एक पोरगा खरंच धावायला लागला आणि भरती झाला. तो पुढे दर दिवाळीला येऊन त्यांच्या पाया पडायचा. आप्पा म्हणायचे, "माज्या कसल्या पडतोस, तुज्या पायांच्या पड."

एकदा मी विचारलं होतं की रवी बाप कसा. आप्पा पाणी तापवत चुलीपुढे बसले होते. म्हणाले, "बाप घरात काय करतो? लाड आई करते. बाप बोलत नाय, हसत नाय, जवळ गेलं तर चटका बसतो. पण तो उगवला नाय तर?" मला ते पटलं, कारण माझे बाबा तसेच होते. दिवसभर शेत, शेतीचं काम नसेल तेव्हा भाताच्या गिरणीत मजुरी, आणि घरी आल्यावर हूं किंवा नाय.

राशी आप्पा शेतावरून शिकवायचे. सूर्य दर महिन्याला रास बदलतो. मकरेत गेला की संक्रांत, हे सगळ्यांना ठाऊक असतं, बाकीच्या अकरा वेळा तो गुपचूप सरकतो. सिंह ही त्याची स्वतःची रास, तेव्हा आमच्याकडे भात पोटरीला येऊ लागतं. मेषेत तो उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बळकट, आणि तुळेत नीचीचा, म्हणजे सगळ्यात दुबळा. हे सांगून ते थांबायचे आणि डोळे बारीक करायचे. मेषेचा रवी चैत्र-वैशाखात, तेव्हा शेत उघडं पडलेलं आणि आम्ही राब भाजत असतो, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा जाळत असतो. तुळेचा रवी दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा भात कापून घरात येतं. "उच्चीचा असतो तेव्हा आमाला राख देतो, नि नीचीचा व्हतो तेव्हा भात," ते म्हणायचे. "तवा नीच म्हणताना जरा बेतानं म्हणा." पत्रिकेत तुळेचा रवी निघाला म्हणून रडकुंडीला आलेली किती माणसं या बोलण्यावर हसून घरी गेली, ते मी पाहिलं आहे.

माझा रवी मेषेचा. अक्षय तृतीयेच्या सुमारास मी आईच्या माहेरी जन्मले, पहिलं बाळंतपण म्हणून आई तिकडे गेली होती. आजोळ मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत. मामा निरोप घेऊन आमच्या घरी आला. आप्पांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला आणि तो म्हणाला, "ऊन ओटीवर आलं व्हतं तवा." आप्पांनी तिथेच हिशेब केला. पत्रिकेत बारा घरं असतात. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते ते पहिलं घर, त्याला लग्न म्हणतात. त्यामुळे सूर्योदयाला जन्मलेल्याचा रवी पहिल्या घरात पडतो, भर दुपारी जन्मलेल्याचा दहाव्या, मावळताना सातव्या. ओटीवर ऊन म्हणजे सूर्य नुकता वर आलेला. म्हणजे रवी पहिल्या घरात, तोही उच्चीचा. आप्पांनी जाहीर केलं की ही पोर उगवत्या सूर्याबरोबर आली आहे आणि सरकारात जाणार.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली, की तिच्यावर शंका घ्यायचं सुचलंच नाही. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, तिला तर ती तोंडपाठ. नातवंडांत मीच पहिली आणि मुलगी, आणि आजी काही मुलींवर जीव ओवाळून टाकणारी बाई नव्हती. पण माझ्या बाबतीत तिचा कायदा वेगळा होता. इतर घरच्या मुली सातवीनंतर लावणीला आणि गुरांमागे गेल्या. मी शेतावर निघाले तर आजीच म्हणायची, "तू बस गो पुस्तक घेऊन, तुजा रवी हाय." चुलत बहिणी मला चिडवून कलेक्टरीण म्हणायच्या. मला राग यायचा, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. दहावी झाले, बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला. होस्टेलवर राहायचं म्हणजे मुलगी नजरेआड. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली. बाबा एवढंच म्हणाले, "आप्पानं सांगितलंय सरकारात जाणार म्हणून. मग जाऊ दे." विषय संपला.

माझ्या डी.एड.च्या पहिल्या वर्षी, पौषात, बाबा आणि आप्पा म्हशाच्या जत्रेला बैल बघायला गेले. मलाही सुट्टी होती, मी आजोळी उतरायचं म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. आप्पा दर वर्षी जत्रेला जायचे, पण आजोळ वाटेवर नव्हतं आणि ते तिथे कधीच गेले नव्हते. आईबाबांचं लग्न आमच्याच दारात लागलं होतं, आणि पुतण्याच्या सासुरवाडीला जाऊन जेवणाऱ्यांतले ते नव्हते. त्या वर्षी गुडघे धरले होते, म्हणून बाबांनी त्यांना बळेच बयकडे बसवलं आणि स्वतः बाजारात गेले. बय म्हणजे आईची आई. मी मागच्या दारी भांडी घासत होते. पुढे आले तेव्हा आप्पा ओटीच्या कडेला बसलेले. तोंडात तंबाखूही नव्हती. बाबा आले, म्हणाले बैल ठीक वाटतोय, तुम्ही एकदा बघा. आप्पा म्हणाले, "नको या साली." 

त्या दुपारी काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण इथेच सांगते. जेवून आप्पा ओटीवर आडवे झाले होते. दुपार कलली तसं ऊन छपराखालून आत आलं, त्यांच्या पायांपर्यंत आलं. बय म्हणाली, "आत सरा आप्पा, आमच्या ओटीवर दिस कलला का ऊन येतं. सकाळचं मागल्या दारी असतं." आजोळच्या घराचं तोंड पश्चिमेला आहे. रस्ता त्या बाजूला, म्हणून घरही त्या बाजूला, एवढंच त्याचं कारण. आप्पांनी विचारलं की आमची पोर झाली तेव्हा असंच ऊन होतं का. बय भोळेपणानं म्हणाली, "असंच, गुरं पाणी पिऊन परतली व्हती." झालं. आप्पांनी ओटी ऐकली आणि डोळ्यांपुढे आमच्याकडची ओटी आणली. सकाळ धरली, होती दुपार उलटून गेलेली. त्यांचा उगवता सूर्य खरा मावळतीकडे झुकलेला होता. मनातल्या मनात त्यांनी पत्रिका पुन्हा मांडली. लग्न बदललं, सगळी घरं फिरली, आणि रवी पहिल्या घरातून उठून आठव्या घरात जाऊन बसला. आठवं घर म्हणजे मृत्यूचं घर, तिथे गेलेला ग्रह बुडाला असं धरतात. आप्पांच्या शास्त्राप्रमाणे आठव्या रवीला सरकार नाही, मान नाही. ज्या एका शब्दावर माझी शाळा, माझं होस्टेल, माझं सगळं उभं होतं, तो शब्दच चुकलेला.

हे कोणाला न सांगता ते राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत मला एक स्थळ आलं. भिवंडीकडचं मोठं घर, शेती, धंदा, दारात गाडी. त्यांना वैशाखात लग्न हवं होतं आणि सून नोकरी करणारी नको होती. म्हणजे डी.एड. अर्ध्यावर सोडायचं. मध्यस्थ आमच्या ओटीवर बसले, भावकीतले दोघे बसले, आजी आत दाराशी टेकून बसली. स्थळ चांगलंच होतं, त्यात वावगं काही नव्हतं, आणि त्यामुळेच मला धडकी भरली होती. पाण्याचा तांब्या घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तो कोणाला द्यायचा हेच विसरले होते. सगळे बाबांकडे बघत होते. बाबांनी शेजारच्या घरातून आप्पांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं, "आप्पा, तुमीच सांगा. पोरीच्या पत्रिकेत नोकरी हाय का नाय? नसंल तर मी आत्ता व्हय म्हणतो."

आप्पा बसले. त्यांनी माझ्याकडून पाणी मागून घेतलं, प्यायले, तांब्या खाली ठेवला... मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "लग्नात रवी हाय. उच्चीचा. नोकरी लागंल. लागेस्तोवर लग्नाचं नाव काढू नका." आतून आजी म्हणाली, "मी तेच सांगतेय मघापासनं." मध्यस्थांनी टोपी सारखी केली, चहा घेतला आणि गेले. मी डी.एड. पुरं केलं. पुढे जिल्हा परिषदेची ऑर्डर आली, तेव्हा आजीनं अख्ख्या आळीला पेढे वाटले आणि प्रत्येकाला रवीची गोष्ट परत सांगितली.

आप्पांनी मात्र पत्रिका मांडणं सोडलं. कोणी आलं की म्हणायचे, डोळ्यांना आकडे नीट दिसत नाहीत. मोतीबिंदूचं वय होतंच, सगळ्यांनी खरं धरलं. लोक हळूहळू यायचे थांबले. ओटीवर दिवसभर माणसांची ऊठबस असायची तिथे ते एकटे तंबाखू मळत बसायचे. बाबा शहापूरला डॉक्टरकडे नेतो म्हणून मागे लागायचे, आप्पा टाळायचे. डोळ्यांनी अधू म्हणवणारा हा माणूस संध्याकाळी समोरच्या टेकडीवरची आपली गाय बरोबर ओळखतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्यावर त्यांना डिवचलंही होतं. ते फक्त म्हणाले, "गाय मोठी असते."

माझं लग्न झालं, मुरबाडलाच घर केलं. मुलगी झाली, ती मुरबाडच्या दवाखान्यात, भिंतीवर मोठं घड्याळ असलेल्या खोलीत. वेळ मिनिटासकट लिहून मिळाली. तो कागद घेऊन मी हौसेनं आप्पांकडे गेले. म्हटलं, एवढी एकच मांडा, आकडे मी वाचून दाखवते. त्यांनी कागद हातात घेतला, घडी केली आणि मला परत दिला. म्हणाले, "तुजीच चुकली, आता पोरीची कशाला मांडू?" आणि मग त्यांनी बयच्या ओटीवरचं सगळं सांगितलं, वर लिहिलं तसं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटलं. तीस वर्षांची बाई मी, विज्ञानाच्या तासाला मुलांना ग्रहमाला शिकवते, राशी-बिशी मानत नाही असं शाळेत दुसऱ्या बाईंना ठणकावून सांगते. तरीही आतमध्ये कुठेतरी मी उगवत्या सूर्याची मुलगी होते. परीक्षेला जाताना, इंटरव्ह्यूला बसताना मला त्याचा आधार वाटला होता. मी चिडून म्हटलं, "मग माझं सगळं खोट्यावरच झालं म्हणायचं." आप्पा म्हणाले, "तुजं काय खोटं? तू शाळेत जातेस ती खरीच ना? खोटं माजं." मी विचारलं, त्या दिवशी खरं का नाही सांगितलं. "सांगितलं असतं तर आज तू भिवंडीला असतीस." पुढे म्हणाले, "अठरा वर्सं तुला कोणी शाळेतनं काढलं नाय. ते रवीनं केलं का माज्या चुकीनं, मला नाय सांगता येत गो. ज्याला हे सांगता येत नाय त्यानं पत्रिका मांडू नये, येवढं कळलं."

मग ते खरं दुखणं बोलले. चूक होते, ती त्यांनी माफ केली असती. पण त्या दिवशी चूक ठाऊक असताना ते खोटं बोलले, आणि कोणाशी, तर पुतण्याशी, ज्यानं चारचौघांत त्यांच्या शब्दावर लेकीचं आयुष्य टाकलं. आप्पा रोज सकाळी अंगणात उभे राहून सूर्याला पाणी सोडायचे. "दुसऱ्या दिशी पाणी सोडाया गेलो, तर मान वर व्हईना," ते म्हणाले. "तुज्या बापाला बोलू नको. त्याचा माज्यावर लय इस्वास हाय. मी मेल्यावर सांग पायजे तर." मी शब्द दिला. घरी जाताना रागाचं कुठे काय झालं कळलं नाही, नुसतं रडू येत होतं.

हा शब्द मी पाळला. त्यांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले.  वाटत होतं, आपण मेलेल्या माणसाची पत घालवतो आहोत. बयच्या घराचं तोंड, उलटलेली वेळ, आठव्या घरातला रवी, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबांनी सोललेला वाल सुपात टाकला आणि म्हणाले, "मला म्हायती व्हतं."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहिती?"

"माजी सासुरवाडी ती. तिचं तोंड कुणीकडं हाय ते मला म्हायती नसंल?"

माझ्या आयुष्यात बाबा सलग एवढं कधी बोलले नव्हते. म्हणाले, "तुजा मामा सांगाया आला, पोरगी झाली म्हणून. तुजी आजी तोंड वाकडं करून चुलीम्होरं बसली. पाव्हण्याला चहासुदिक ठेवीना. मग आप्पानं पत्रिका मांडली. लग्नात रवी, उच्चीचा, सरकारात जाणार. तशी आजी उठली नि गूळ वाटला. मला कळलं म्हातारा चुकला. त्यानं सकाळ धरली. मी म्हटलं, चुकू दे." ते स्थळ आलं तेव्हा भावकीला परस्पर नाही म्हणायची बाबांची टाप नव्हती. पण आप्पांचा शब्द कोणी मोडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम सगळ्यांदेखत विचारलं. "मी नको म्हटलं असतं तर धा जणांनी अक्कल शिकवली असती. रवीला कोण शिकवंल?"

आतून आई म्हणाली, "दिस कलला व्हता. बाळंत मी झाले, पण वेळ मला इचारली कोणी? नि मी बोलाया गेले तर ह्ये म्हणाले, गप ऱ्हा."

आम्ही तिघंही हसलो. मला तर हसू आवरेना. इतक्या वर्षांचं ओझं, आणि ते असं निघालं! ज्याला मी हूं आणि नाय एवढंच बोलणारा समजत होते, त्या माणसानं मी जन्मले त्या दिवसापासून माझ्यासाठी एक चूक सांभाळून ठेवली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी रीत नाही. हसता हसताच मी उरलेलं सांगून टाकलं, की बाबा, आप्पांना मोतीबिंदू वगैरे काही नव्हता, तुमच्याशी खोटं बोललो म्हणून त्यांनी पत्रिका सोडल्या.

बाबांचा हात थांबला.

"डोळ्यांमुळं ना?"

"नाही. तुमच्यामुळे. तुम्हाला फसवलं असं त्यांना वाटत राहिलं. शेवटपर्यंत."

बाबांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "येकाच अंगणात व्हतो गो आमी... येकदा बोलला असता." आणि लगेच, स्वतःलाच म्हणावं तसं, "मी तरी कुठं बोललो." हातातली शेंग त्यांनी न सोलताच खाली ठेवली. उठले, अंगण ओलांडून आप्पांच्या ओटीवर गेले. दाराला बाहेरून कडी होती. ती त्यांनी काढली, दार पुरतं उघडलं, आणि उंबऱ्यात बसून आतल्या रिकाम्या खोलीला सांगितलं, "आप्पा, मला म्हायती व्हतं."